हरकत क्रमांक सात

आठवीला नागरिकशास्त्र शिकवायचे गद्रे सर.
वीसपैकी तेरा दिले होते मला
आणि खाली शेरा: समजलंय, पण मांडता येत नाही.

तेच अक्षर, काना तसाच सरळसोट,
माझ्या टेबलावर आलं, पालिकेच्या आवक शिक्क्याखाली.
'आमचा विरोध शौचालयास नसून जागेस आहे.'

जागेस.
सात हरकती आल्या, सातही जागेस.
शौचालयाला या शहरात कुणाचाच विरोध नाही.
पर्वतीच्या पायथ्याला चौदा वर्षं
त्याला नुसता पाठिंबाच मिळत आलाय.
माझ्याआधी दोघांनी तिथं नारळ फोडले,
एकाचा आतून नासका निघाला.
फाईल सभेत गेली, तहकूब झाली,
पुढच्या सभेत परत तहकूब,
आणि मग कुणीतरी पुटपुटलं ते दोन शब्द
ज्यांना कधी कुणी हार घालत नाही:
दप्तरी दाखल.

मैना लोंढेला तहकूब होता येत नव्हतं.
पहाटे पावणेपाचला डबा घेऊन टेकडीवर,
सोबत सून.
एकीनं बसायचं, एकीनं खोकत उभं राहायचं.
फिरायला येणारी सभ्य माणसं
खोकला ऐकला की दुसरी वाट धरायची.

पाहणीला सगळे जमलो.
उपअभियंता खैरमोडेंनी टेप काढली,
एक टोक सरांच्या हातात, एक मैनाच्या.
मधे सतरा फूट.
'अठरा हवेत,' सर म्हणाले.
मैना टेप ताणत म्हणाली, 'घ्या की.'

मी हसले नाही.
मला दोघांचीही मतं हवी होती.
(लिहूनच टाकते,
कार्यअहवालात हे येत नाही.)

म्हणून मी दार फिरवलं.
सोसायटीकडे पाठ, नाल्याकडे तोंड.
शिवाय सोसायटीला पेव्हर ब्लॉक, भिंतीवर बोगनवेल.
प्रभाग समितीत विषय पुकारला,
'उपसूचनेसह मंजूर.'
हात वर झाले, खाली आले, कुणी चहा सांगितला.
चौदा वर्षं चार मिनिटांत संपली.

नाल्याच्या अंगाला दिवा नव्हता.
दिवा हा विद्युत विभागाचा विषय,
वेगळं अंदाजपत्रक, वेगळी फाईल.
आठ महिने.
आठ महिने बायका पक्क्या बांधकामाकडेसुद्धा जोडीनंच गेल्या,
एकीनं आत जायचं,
एकीनं खोकत उभं राहायचं.
दारावर माझं नाव, अक्षरं वीतभर उंच,
त्यावर 'संकल्पना' असा शब्द.
कसली संकल्पना!
पोटाला रोज पहाटे कळते ती.

दिवा लागला त्या रात्री मैनाचा फोन आला.
'ताई, आता तुमची पाटी वाचता येती.'
हे कौतुक होतं का,
अजून माझं ठरत नाहीये.

सर मात्र बोलेनासे झाले.
चौकात मी दिसले की रस्ता ओलांडायचे,
आधी उजवीकडे बघून, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे,
आम्हाला शिकवलं होतं तसं.

आज टपालात एक कागद.
काना सरळसोट, पण थोडा थरथरलेला.
'पुरुष विभागातील डावीकडून दुसरा नळ
सकाळी सहाच्या सुमारास सतत गळत असतो.
मधल्या दाराची कडी लागत नाही,
ज्येष्ठांना एका हाताने दार धरून बसावे लागते.
योग्य ती कार्यवाही व्हावी.'
सही. वय एकोणऐंशी.
आणि ताजा कलम: 'दिवा उत्तम आहे.'

दोनदा वाचला.
सगळं मांडलं होतं,
एक गोष्ट सोडून.

कडी मी दुपारीच बसवून घेतली,
कोपऱ्यावरच्या सुताराला पदरचे दीडशे देऊन.
नळाची फाईल
पाणीपुरवठ्याकडे गेली आहे.